वणीचा उन्हाळा आणि जुन्या गाडीचे इंजिन

वैशाखात वणी परिसरातील पारा ४५ अंशांच्या घरात पोहोचतो. कोळसा खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रकची रांग लागते आणि त्या रांगेत एखादी जुनी मोटार बॉनेट उघडून, वाफ सोडीत उभी असलेली दिसते. अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तरी त्या व त्यांच्या वयाच्या जीपगाड्या ग्रामीण भागात अद्याप वापरात आहेत. आडगावच्या रुग्णाला रात्री दवाखान्यात न्यावयाचे झाल्यास पुष्कळदा अशीच गाडी दारी येते. ती वाटेत तापून बंद पडणे ही केवळ गाडीमालकाची अडचण राहत नाही.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण तत्काळ कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते. झाकण दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोग्रॅम दाब राखणारे असेल, तर ते पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळते. झाकण निघताच दाब नाहीसा होतो आणि उकळते पाणी वाफेसह तोंडावर उसळते. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे. त्यानंतरही गार पाणी एकदम ओतू नये. हेडला तडा जाण्याचा धोका असतो.

गाडी तापते केव्हा, हे चालकाने नीट सांगितले तर मिस्त्रीचे निम्मे काम होते. रांगेत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष बहुधा पंख्याचा असतो. अ‍ॅम्बेसेडरमध्ये पंखा व पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा सैल झाला की दोन्ही मंदावतात. मारुती ८०० चा पंखा विजेवर चालतो. तेथे फ्यूज, तारांची जोडणी आणि पंखा सुरू करणारा स्विच पाहावा.

याउलट गाडी वेगात किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटर चोंदल्याचा संशय घ्यावा. वणीत त्यास कारणे भरपूर. कोळशाची भुकटी आणि कापसाचे तंतू जाळीत घट्ट बसतात. इंजिनाच्या बाजूने पाण्याची मंद धार सोडून ते बाहेर काढावेत. आतील चोंदणे अधिक घातक. हा परिसर चुनखडीचा. येथील पुष्कळ विहिरी व कूपनलिकांचे पाणी जड. ते वारंवार भरल्याने, पाणी तापविण्याच्या भांड्याच्या तळाशी बसतो तसा क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पाणी कमी झाले की हापशावरून बादली आणून ओतणे हा उपाय नसून दुखणे वाढविणे आहे. गळती शोधावी, रेडिएटर साफ करून घ्यावा आणि शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी व कूलंट उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात भरावे. जुने कूलंट गटारात सोडू नये. ते विषारी असून चवीला गोड असल्याने जनावरे चाटतात.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो बरोबर नाही. थर्मोस्टॅट नसल्यास थंडीत इंजिन योग्य उष्णतेस उशिरा येते व इंधन अधिक लागते. तो काढून पातेल्यातील पाण्यात तापवावा. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागतात. पाणी उकळूनही उघडला नाही, तर नवा बसवावा. वस्तू महाग नाही.

बाहेर कोठेही गळती नसताना पाणी घटणे, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहणे, ऑइल दुधाळ दिसणे ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे होत. अशी गाडी पुढे दामटू नये. हेड उतरवून ते वाकले आहे काय हे सपाट पट्टीने तपासावे, वाकले असल्यास घासून सपाट करून घ्यावे आणि मगच नवे गॅस्केट बसवावे. ज्या पट्ट्यामुळे, पंख्यामुळे वा चोंदलेल्या नळीमुळे इंजिन तापले तो दोष तसाच राहिल्यास नवे गॅस्केटही लवकरच जाते.