दत्तक कां घेतात?

नागपूरची सीताबर्डी म्हटली कीं १८१७ च्या नोव्हेंबरांतील लढाई आठवते. तिच्यानंतर आप्पासाहेब भोसल्यांची गादी गेली. त्याच गादीवर पुढें दत्तकाचे दोन प्रसंग आले. माणसें दत्तक कां घेतात, हा प्रश्न त्यांच्या आधारें चांगला उलगडतो.

पहिला प्रसंग १८१८ चा. दुसऱ्या रघूजींच्या कन्येचा अल्पवयी मुलगा भोसल्यांच्या घराण्यांत दत्तक आला आणि तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसला. इंग्रजांची त्याला संमति होती. दुसरा प्रसंग १८५३ चा. ११ डिसेंबर रोजीं हे रघूजी निपुत्रिक वारले. यशवंतराव अहिरराव या नात्यांतील मुलाच्या हातून उत्तरक्रिया करविण्यांत आली. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई आणि इतर राण्यांनीं त्यालाच दत्तक म्हणून पुढें केलें व त्याचें नांव जानोजी ठेवलें. परंतु राजानें हयातींत दत्तक घेतला नव्हता आणि राज्य मुळांत इंग्रजांनींच दिलेलें होतें, अशीं कारणें सांगून लॉर्ड डलहौसीनें १८५४ मध्यें तें खालसा केलें. राजवाड्यांतील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस लिलावांत निघाले. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर जानोजींना देऊरचे राजेबहादूर हा किताब मिळाला. राज्य मात्र परत आलें नाहीं.

राण्यांना मुलगा हवा होता तो दोन कारणांसाठीं. मृताला पिंड देणारा कोणी हवा आणि गादी चालविणारा कोणी हवा. जुन्या काळीं सामान्य घरांतहि हींच कारणें असत. गादीच्या जागीं वतन, इनाम किंवा शेतीवाडी असे, एवढाच फरक. नंदपंडितांच्या ‘दत्तकमीमांसे’सारखे ग्रंथ याच दृष्टीनें लिहिलेले आहेत. मुलगी पिंड देणारी मानली जात नसे, म्हणून दत्तक मुलगाच घ्यावयाचा. तोहि शक्य तों भाऊबंदांतला, म्हणजे मिळकत कुळाबाहेर जाऊं नये.

तिसरें एक कारण बायकांच्या बाजूचें होतें. निपुत्रिक विधवेला सासरीं कोणाचाच आधार नसे. ‘व्यवहारमयूखा’च्या आधारें महाराष्ट्रांत विधवेला पतीच्या स्पष्ट आज्ञेवांचूनहि दत्तक घेतां येई, ही तिची मोठीच सोय होती. तथापि दत्तक झाला कीं पतीची मिळकत मुलाची होई, आणि ज्या आधारासाठीं तिनें मुलगा घेतला त्याच्याच मर्जीवर तिला पुष्कळदां राहावें लागे.

या सर्व कारणांत एक गोष्ट समान आहे. घराला मुलगा हवा होता. त्या मुलाला घर हवें आहे कीं नाहीं, हें कोणी विचारीत नव्हतें. बहुतेक दत्तक मुलांना स्वतःचे आईबाप होतेच. हा प्रश्न उलट्या बाजूनें विचारला गेला तो पुण्यास. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ मध्यें बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. लोकापवादाच्या भयानें विधवांना आपलीं मुलें मारावीं लागूं नयेत, हा त्याचा हेतु. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनीं १८७४ मध्यें दत्तक घेतला. हाच यशवंत. तो ना भाऊबंदांतला, ना जातींतला. पुढें तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगांत मायलेकांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. त्याच रोगानें सावित्रीबाई वारल्या.

कायद्याला ही दृष्टि येण्यास पुष्कळ काळ लागला. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें मुलगीहि दत्तक घेण्याची मोकळीक दिली, अविवाहित स्त्रीलाहि स्वतःच्या नांवें दत्तक घेण्याचा हक्क दिला आणि दत्तहोम आवश्यक नाहीं असें ठरविलें. अनाथ व टाकलेल्या मुलांसाठीं बालन्याय कायदा आहे. तो सर्व धर्मांच्या लोकांना खुला आहे. २०१५ च्या त्या कायद्याप्रमाणें दांपत्याचा संसार स्थिर असा निदान दोन वर्षें झालेला असावा लागतो, दोघांचीहि संमति लागते, आणि मूल दत्तक देण्यास मोकळें असल्याचें बालकल्याण समितीनें आधीं ठरवावें लागतें. सप्टेंबर २०२२ पासून अखेरचा हुकूम जिल्हाधिकारी देतात. या साऱ्या चौकशीचा रोख एकच असतो : मुलाचें हित कशांत आहे?

म्हणून जुनीं कारणें संपलीं असें नाहीं. पोटीं मूल नसल्याचें दुःख, म्हातारपणाची काळजी, घर भरलेलें असावें ही ओढ, हीं आजहि माणसांना दत्तकाकडे नेतात, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र ‘आम्ही याच्यावर उपकार केले’ ही भावना घेऊन जे मूल आणतात, ते त्याला आयुष्यभर देणेंकरी करून ठेवतात. मूल आणण्यापूर्वीं पतिपत्नींनीं एकमेकांना एवढेंच विचारावें : तें हट्ट करील, नापास होईल, आपल्या तोंडावळ्याचें नसेल, तरी तें आपलेंच वाटेल ना? आणि एके दिवशीं तें स्वतःच्या जन्माविषयीं विचारूं लागलें, तर खरें सांगण्याची आपली तयारी आहे ना? या दोन्हीं प्रश्नांना मनापासून होकार येत असेल, तर आरंभीचें कारण कोणतें होतें याला फारसें महत्त्व उरत नाहीं.