दिलेला शब्द आणि दिलेला नकार

मुलांना वळण कसें लावावें हा विषय निघाला कीं घरोघर दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, मुलांना धाक हवा; दुसरा म्हणतो, त्यांच्याशीं गोडीगुलाबीनें वागावें. वाद रंगत जातो, आणि ज्याच्याविषयीं तो चाललेला असतो तें मूल तेवढ्यांत स्वयंपाकघरांत जाऊन आजीच्या हातून लाडू मिळवितें. धाक आणि गोडी या दोहोंच्याही अगोदरची एक गोष्ट मात्र या वादांत सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती म्हणजे वडील माणसांच्या शब्दाचा भरंवसा. ज्याच्या ‘हो’वर मुलाला विसंबतां येतें, त्याच्याच ‘नाहीं’ला त्या मुलाच्या लेखीं किंमत असते.

हें नुसतें अनुमान नाहीं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या दशकांत लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. मुलापुढें एक मिठाई ठेवावयाची आणि सांगावयाचें कीं, आतांच खाल्लीस तर एवढीच; पण थोडा वेळ थांबलास तर जास्त मिळेल. जीं मुलें थांबलीं तीं संयमी व जीं थांबलीं नाहींत तीं उतावळीं, असा त्याचा अर्थ पुढें अनेकांनीं केला; जणूं संयम हा डोळ्यांच्या रंगासारखा जन्मतःच मिळालेला असतो! पुढें रॉचेस्टर विद्यापीठांतील संशोधकांनीं याच प्रयोगांत एक लहानशी भर घातली. तो प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. तीन ते पांच वर्षांचीं २८ मुलें त्यांनीं घेतलीं. प्रथम प्रत्येकाला चित्र रंगविण्यास झिजलेले खडू दिले व ‘जरा थांबलास तर याहून चांगलें साहित्य आणतें’ असें सांगितलें. निम्म्या मुलांना तें साहित्य खरोखरच आणून दिलें. उरलेल्या निम्म्यांकडे मात्र ती बाई रिकाम्या हातानें परत आली आणि ‘माफ कर, साहित्य शिल्लक नाहीं’ म्हणाली. चिकटवावयाच्या चित्रांच्या बाबतींतही पुन्हां तसेंच केलें. मग मिठाई पुढें ठेवली. ज्या १४ मुलांना दिलेला शब्द पाळला गेला होता, त्यांतील ९ मुलें पुरीं १५ मिनिटें थांबलीं. ज्या १४ जणांना दोनदां फसविलें गेलें होतें, त्यांतील एकच थांबलें. बाकीच्यांनीं मिठाई उचलली. एका गटाची थांबण्याची सरासरी १२ मिनिटें, तर दुसऱ्याची अवघी ३!

अठ्ठावीस ही संख्या लहान आहे आणि तिच्यावर सारा इमला उभारूं नये, हें खरें. पण ज्यानें कांहीं वर्षें वर्ग चालविला आहे त्याला या निकालाचें आश्चर्य वाटणार नाहीं. फसविलें गेलेलें मूल थांबत नाहीं, यांत त्याचा उतावळेपणा कोठें आहे? त्यानें अनुभवावरून हिशेब केला, आणि तो बरोबर केला.

आतां आपल्या घरांकडे पाहावें. जत्रेंत मूल फुग्यासाठीं अडून बसतें. ‘परत येतांना घेऊं हं,’ असें वडील म्हणतात, आणि परततांना मुद्दाम दुसऱ्या गल्लीनें येतात. रडें टळलें, दोन पैसे वांचले; वडिलांना आपण चतुराई केली असें वाटतें. परंतु त्या दिवशीं मुलाच्या मनांत एक नोंद होते कीं, ‘मग देऊं’ याचा अर्थ ‘देणार नाहीं’ असा आहे. पुढच्या जत्रेंत तें मूल अधिक मोठ्यानें रडतें, आणि वडील म्हणतात, हल्लीं पोर फार हट्टी झालें आहे.

याच्या उलट बाजूचा दोष याहून अधिक घरांत आढळतो. मूल जेवतांना मोबाईल मागतें. आई पांचदां ‘नाहीं’ म्हणते आणि सहाव्यांदा ‘घे बाबा एकदाचा’ म्हणून तो हातांत देते. किंवा आई ठाम राहते, पण मूल आजीकडे अपील करतें आणि खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टांत फिरतो. येथें पुन्हां मानसशास्त्राचा एक जुना शोध उपयोगी पडतो. फर्स्टर आणि स्किनर या दोघांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत कबुतरांवरील प्रयोग आहेत. कळीवर चोंच मारल्यावर ज्या कबुतराला दरवेळीं दाणा मिळे, तें दाणा बंद होतांच थोड्या वेळानें चोंच मारणें सोडून देई. ज्याला कधीं मिळे, कधीं न मिळे, तें मात्र दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोंच मारीत राही. सहाव्यांदा मोडणारा नकार मुलाला नेमकें हेंच शिकवितो कीं, पांच नकारांनीं खचूं नये. चिकाटीचा असा उत्तम वर्ग शाळेंतही चालत नाहीं!

म्हणून ज्या आईबापांनीं आजपासून ठाम राहावयाचें ठरविलें असेल, त्यांनीं एक गोष्ट अगोदर जाणून असावी. नेहमीं मिळणारी वस्तु मिळेनाशी झाली कीं रडें पहिले कांहीं दिवस वाढतें, कमी होत नाहीं. ‘हा उपाय लागूं पडत नाहीं’ असें समजून पुष्कळ लोक नेमके याच वेळीं माघार घेतात. आणि मग पूर्वीपेक्षां मोठ्या रडण्याला फळ मिळतें.

असे नकार निभवावयाचे तर ते थोडेच हवेत. विस्तव, रस्ता, विहीर; दुसऱ्याला मारणें; झोपेची व अभ्यासाची वेळ. एवढ्यांवर घरांतील सर्वांनीं, आजीसुद्धां, एकदां बसून एकमत करावें. सदरा कोणता घालावा, भाजी आधीं खावी कीं आमटी, असल्या बाबतींत मुलाचें चालूं द्यावें. मारिया माँटेसरीबाई, ज्या १९३९ सालीं भारतांत आल्या, त्यांनीं आपल्या बालगृहांत प्रत्येक साहित्याचा एकच नग ठेवण्याची पद्धत घातली होती. दुसरें मूल तें वापरीत असेल तर थांबणें भाग. कोणी रागवावें लागत नसे. पुष्कळशा मर्यादा अशा मांडणींतूनच येऊं शकतात. जेवणाच्या वेळीं घरांतले सगळेच मोबाईल, वडिलांचासुद्धां, फळीवर ठेवले तर निम्मे नकार उच्चारावेच लागत नाहींत.

जे उच्चारावे लागतात ते कसे उच्चारावेत? आपलें नेहमींचें वाक्य असें: ‘एवढं काय रडायचं त्यांत!’ म्हणजे खेळही बंद आणि रडेंही बंद. हाइम गिनॉट हा मूळचा शाळामास्तर आणि पुढें मानसशास्त्रज्ञ झालेला गृहस्थ. त्यानें १९६५ सालच्या आपल्या पुस्तकांत एक भेद करून दाखविला: मुलाच्या वागण्याला मर्यादा घालावी, भावनेला घालूं नये. ‘डाव अगदीं रंगांत आला होता ना? अजून खेळावंसं वाटतंय तुला. पण दिवेलागण झाली, आतां घरीं चल.’ यांत नकार तसूभरही ढिला झालेला नाहीं. मुलाला मात्र कळतें कीं आपलें दुःख आईला दिसलें.

पांच वर्षें लाड, पुढें दहा वर्षें ताडन आणि सोळाव्या वर्षीं मित्रत्व, असा क्रम सांगणारा संस्कृत श्लोक आपल्याकडे फार लोकांना पाठ आहे. दहा वर्षें ज्याच्या हातांत छडी पाहिली, त्याला सोळाव्या वाढदिवशीं मुलगा एकाएकीं मनांतलें कसें सांगूं लागेल, हें श्लोककर्त्यानें सांगितलेलें नाहीं. शाळांतील मारास तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें बंदी घातली आहे. घरांत ती ज्याची त्यानें घालावयाची.

राहतां राहिला एक अवघड प्रसंग. शब्द दिला आणि तो पाळणें खरोखरच अशक्य झालें तर? रॉचेस्टरच्या त्या बाईनें माफी मागितली होती, तरीही मुलें तिच्यासाठीं थांबलीं नाहींत, हें विसरूं नये. समजा, रविवारीं राणीच्या बागेंत नेण्याचें कबूल केलें आणि कचेरीचें काम निघालें. तर रविवार उजाडण्याची वाट न पाहतां शुक्रवारींच मुलाला जवळ बसवावें, काम काय निघालें तें त्याला समजेल अशा भाषेंत सांगावें, त्याला राग आला तर येऊं द्यावा; आणि मग भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्याच्या हातीं पेन्सिल द्यावी, म्हणजे नव्या तारखेभोंवतीं तें स्वतःच वर्तुळ काढील.