हिऱ्यांचा भाव रुपयांत सांगा

'फ्री फायर इंडिया' हा मोबाइल गेम 5 सप्टेंबर 2023 रोजी येणार, अशी जाहिरात गरेना कंपनीने महेंद्रसिंग धोनीला पुढे करून केली. मूळ 'फ्री फायर'वर केंद्र सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी घातली होती, त्यामुळे पोरं या तारखेकडे डोळे लावून बसली होती. ऐन तोंडावर गेम 'काही आठवडे' पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. कारण दिले ते सुधारणांचे आणि 'लोकलायझेशन' पूर्ण करण्याचे. वर्ष उलटले तरी ते आठवडे काही संपले नाहीत. स्वस्त मोबाइलवरही चालणाऱ्या या गेमचे चाहते अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, जामखेडसारख्या तालुक्यांतही आहेत. तिथल्या खेळाडूची तक्रार निव्वळ उशिराची नाही. या धंद्याची भाषाच अशी घडवलेली आहे, की वस्तू केवढ्याला पडली आणि किती दिवस आपली राहणार, हे दोन साधे प्रश्न विचारायचे सुचूच नयेत.

आधी किमतीचे पाहू. गेममध्ये बंदुकीची स्किन किंवा कपडे रुपयांत मिळत नाहीत. 'फ्री फायर'मध्ये डायमंड आणि 'पबजी'चा भारतीय अवतार असलेल्या 'बीजीएमआय'मध्ये यूसी ही गेममधली चलने आधी 'टॉप-अप' करून घ्यावी लागतात. समजा, हवी ती वस्तू 360 यूसीची आहे आणि पॅक आहेत 60 आणि 325 चे. मोठा पॅक घेतला तर 35 कमी पडतात. म्हणून आणखी 60 घ्यायचे, आणि 25 खात्यात पडून राहतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढचा टॉप-अप. त्यातही क्रेट किंवा लकी स्पिन असेल तर पैसे मोजूनही हवी ती वस्तू निघेलच याची खात्री नाही. अशा सोडतवजा पेट्यांबद्दल जून 2019 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने विचारले, तेव्हा ईए या गेम कंपनीच्या प्रतिनिधीने त्यांना 'सरप्राइज मेकॅनिक्स' म्हटले. बेल्जियमने मात्र 2018 मध्येच अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवले होते. नाव गोड ठेवले की सोडतीचे खेळणे होते, एवढाच काय तो चमत्कार.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: गेम फुकट आहे, सर्व्हरला खर्च येतो, स्किन घ्यायची सक्ती कुणावर नाही. हे खरेच आहे. फुकट खेळणाऱ्यांचा भार कुणीतरी उचलायलाच हवा आणि नफा कमावणे हा काही गुन्हा नव्हे. पण नफा प्रामाणिक असेल तर रुपयांतली किंमत लपवण्याचे कारण काय? पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणे चीनने 2017 मध्ये सक्तीचे केले. ॲपलनेही त्याच वर्षी आपल्या ॲप स्टोअरला तसा नियम लावला. तरीही धंदा बुडाला नाही.

मुदतीचा प्रश्न अधिक अवघड आहे. 'पबजी मोबाइल'वर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, ती सरकारच्या आदेशाने. त्याचे खापर कंपनीवर फोडता येत नाही. उलट जुलै 2021 मध्ये 'बीजीएमआय' आल्यावर जुन्या खात्यातले सामान नव्या खात्यात नेण्याची सोय क्राफ्टन कंपनीने दिली. पण ती दिली कंपनीच्या मर्जीने. खेळाडूचा हक्क म्हणून नव्हे. करारात बहुधा लिहिलेलेच असते, की तुम्ही वापराचा परवाना घेत आहात. विकत घेतलेल्या गेमचीही तीच गत: युबिसॉफ्टने 'द क्रू'चे सर्व्हर 31 मार्च 2024 रोजी बंद केले आणि पूर्ण पैसे मोजलेल्यांच्या हातीही काही उरले नाही. त्यातूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली आणि 10 लाखांहून अधिक सह्या जमल्या. सर्व्हर कायम चालवा असा त्यांचा हट्ट नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडा, एवढीच मागणी आहे.

आपल्याकडे 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने घाव घातला तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. स्किनच्या भावातली लपवाछपवी हा त्याचा मुख्य विषय नाही. तिथे ग्राहक कायदाच उपयोगाचा. 2019 च्या कायद्यात किमतीची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि नोव्हेंबर 2023 च्या 'डार्क पॅटर्न' मार्गदर्शक सूचनांत खोटी घाई दाखवण्यासारखे 13 प्रकार निषिद्ध आहेत. माहितीच्या अधिकारासाठी उपोषणे करणाऱ्या अण्णा हजारेंच्या अहिल्यानगर जिल्ह्याला हा युक्तिवाद नवा वाटू नये. इथे माहिती दडवणारे कार्यालय सरकारी नाही, इतकेच. कंपनीचे मुख्यालय सोल किंवा सिंगापूरला असले, तरी तक्रारदार राहतो तिथल्या, म्हणजे अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तीनशे रुपयांच्या स्किनसाठी आयोगाची पायरी कोण चढणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर एकाच गेमविषयी शेकडो तक्रारी जाण्याला महत्त्व आहे: ग्राहकांच्या समूहाला फटका बसत असेल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्वतःहून चौकशी सुरू करू शकते. त्यासाठी टॉप-अपची पावती आणि ऑफरचा स्क्रीनशॉट तेवढा जपून ठेवायचा.