तळोजातील दारातली शेळी मूळची कुठली? जनुके काय सांगतात?

तळोजात दारात बांधलेल्या ‘गावठी’ शेळीचे मूळ शोधत गेलात, तर थेट इराणच्या झाग्रोस डोंगरात पोहोचाल. तिथल्या गंज दारेह येथे सुमारे १० हजार वर्षांपूर्वी माणूस रानशेळ्या पाळू लागला. बोकड कोवळेपणीच कापायचे, माद्या वेतासाठी राखायच्या, हे हाडांवरून कळते. मातीच्या विटांवर खुरांचे ठसेही सापडले. २०२१च्या जनुकीय अभ्यासाने त्याला दुजोरा दिला. शिंगे मात्र तेव्हा रानटीच होती!

मग ती कोकणच्या पावसात कशी टिकली? जी करडे पावसाळ्यातून तगली, त्यांचीच वीण पुढे वाढली. सिंधुदुर्गची ‘कोकण कन्याळ’ ही नोंदणीकृत जात त्यातलीच. बाहेरच्या बोकडाशी सरसकट संकर केला, तर वजन वाढेलही. पण हा काटकपणा पुढच्या पिढ्यांत विरत जाईल.