पाण्यावरच्या हद्दी

पुण्याला समुद्र नाही, पण समुद्रावाचून पुण्याचं भागतही नाही. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सुरमई महागली की रविवारचा बेत बदलतो, आणि दिवाळीची सुट्टी लागली की गाड्या मालवण-तारकर्लीच्या वाटेला लागतात. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाजवळ पाण्यात तोंड बुडवून प्रवाळ बघणाऱ्या किती पुणेकरांना ठाऊक असतं, की आपण एका अभयारण्यात तरंगतो आहोत? त्यांना तरी काय बोल लावायचा! ताडोब्याला फाटक आहे, पावती आहे. समुद्रावर हद्द आखली तरी ती नकाशावरच राहते.

ही हद्द आखली गेली १३ एप्रिल १९८७ रोजी. मालवण सागरी अभयारण्याचं क्षेत्र २९.१२ चौ. किमी, त्यातला सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासच्या बुडालेल्या खडकांचा गाभा जेमतेम ३.१८ चौ. किमी. प्रवाळ, शैवाल, शंखशिंपले अशा संपन्नतेमुळे शास्त्रज्ञांनी या जागेची निवड केली होती आणि ती चुकीची नव्हती. पण त्याच पाण्यावर गाबित मच्छीमारांच्या पिढ्या जगल्या होत्या. आता आपली मासेमारी बंद होणार, या धास्तीने त्यांनी अभयारण्याला जो विरोध सुरू केला, तो पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला. १९९१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि सागरी हद्दीत अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची अट आली. तोवर मालवणची अधिसूचना निघून चार वर्षं झाली होती.

मालवणच्या किनाऱ्याला शिस्त नव्हती असं मात्र नाही. रापण बघावी. होडी किनाऱ्यापासून निघते, जाळं सोडत सोडत पाण्यात मोठा अर्धगोल घेते आणि थोड्या अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं वाळूत पाय रोवून जाळं ओढतात. दोन्ही बाजू हळूहळू जवळ येतात आणि शेवटी बांगडा, तारली, सौंदाळ्याची उसळती रास वाळूवर येते. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. कोणत्या रापण संघाने कुठे जाळं टाकायचं, हे आपापसांत ठरलेलं. जाळं किनाऱ्यालगतच फिरतं, म्हणून किनाऱ्यालगतचा मासा टिकला तरच रापण टिकते. समुद्र राखण्यात ज्याचा सगळ्यात थेट स्वार्थ होता, त्यालाच आपण अतिक्रमण करणारा ठरवायला निघालो.

मच्छीमारांचा राग मुळात वेगळ्याच गोष्टीवर आहे. माशांचा अख्खा थवा वेढणारी पर्ससीन जाळी, एलईडी दिव्यांच्या झोतात होणारी मासेमारी आणि कर्नाटकातल्या मलपीहून येणारे हायस्पीड ट्रॉलर हे त्यांचे खरे वैरी. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. किनाऱ्याजवळचं पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखणं हा त्याचा एक हेतू. ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत ठेवली, २०२१ मध्ये कायद्यातला दंड वाढवला. तरीही मालवणातली आंदोलनं थांबलेली नाहीत. अभयारण्य वन खात्याचं, नौकांची तपासणी मत्स्य खात्याची. मच्छीमाराने दाद मागायची ती दोन दारांत.

गेल्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गात एक प्रकल्प राबवला गेला. त्यात खेकडापालन होतं, कांदळवनातून होडीची सफर होती. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ही सफर बचत गटातल्या बायकाच चालवू लागल्या. मला महत्त्वाची वाटते ती मात्र ट्रॉलरच्या जाळ्यातली एक साधी सुधारणा. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, सहसा शंकरपाळ्यासारखी असते. जाळं ओढलं की ती ताणून मिटते आणि माशांची पिल्लंही अडकतात. तीच आस चौकोनी, ४० मिलिमीटरची ठेवली तर ओढतानाही उघडी राहते आणि पिल्लं निसटतात. यात कुणाला समुद्रातून हाकलावं लागत नाही, वर डिझेलही थोडं वाचतं. ही गोष्ट ऐंशीच्या दशकात झाली असती तर अभयारण्याचं नाव मालवणात वेगळ्या सुरात घेतलं गेलं असतं.

आता उत्तरेला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जाऊ. इथल्या किनाऱ्यावर सागरी अभयारण्य नाही. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं रक्षण इथे सुरू केलं. आधी ही अंडी सर्रास चोरीला जायची. आता मादीने रात्री वाळूत घातलेली अंडी उचलून किनाऱ्यावरच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात, साधारण पन्नास दिवस पहारा ठेवतात आणि पिल्लं बाहेर आली की पाण्याच्या दिशेने सोडतात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पुण्या-मुंबईचे पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, ओटीवर जेवतात आणि पैसा त्याच घरात राहतो. पहारा देणारा कासवमित्र गावचाच असतो, त्यामुळे अंडी चोरणाऱ्याला तो ओळखतो आणि चोरणाराही त्याला.

हेच सूत्र पुढे सरकारनेही उचललं. डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशी योजना आहे, की जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी मासा अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर चित्रीकरणाचा पुरावा दाखवून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पकडून आणलं तर गुन्हा आणि सोडलं तर जाळ्याचं नुकसान, या पेचातून माणूस सुटला. महाराष्ट्रात समुद्रासाठी झालेल्या कामांत मी या योजनेला फार वरचा नंबर देईन.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला गेला. तिचं नाव ‘प्रथमा’. पुढल्या वर्षी गुहागरला टॅग केलेली ‘बागेश्री’ तर केरळ, कन्याकुमारी, श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचली. अशा प्राण्यासाठी एकट्यादुकट्या अभयारण्याने काय होणार? मालवणचे खडक, वेळासची वाळू, ठाण्याच्या खाडीतलं २०१५ चं फ्लेमिंगो अभयारण्य, गोव्यातले मोरजी-गालजीबागचे किनारे हे सगळं एका साखळीत धरलं तरच उपयोग. आज या कड्या सुट्या आहेत.

मोठं क्षेत्र लोकांना बरोबर घेऊन राखता येतं, हे बाहेर दिसतं. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफचं उद्यान ३,४४,४०० चौ. किमीचं. २००४ मध्ये त्याचा तिसरा हिस्सा मासेमारीला बंद झाला, पण त्याआधी लोकांकडून दोन फेऱ्यांत मिळून ३१ हजारांहून जास्त लेखी सूचना आल्या. शिवाय तिथल्या मूळ रहिवाशांशी करार होतात आणि कासवांची पारंपरिक शिकार किती करायची, हे ते समाज स्वतः ठरवून लिहून देतात. कॅनडातल्या ग्वाई हानासमध्ये १९९३ च्या करारानुसार हायडा लोक आणि सरकार यांचे सारखेच प्रतिनिधी एका मंडळावर बसतात. कोकणातल्या मच्छीमाराला आपण भरपाई दिली, बचत गट दिला, रोजगार दिला; मंडळावर खुर्ची दिली नाही.

जमिनीवर लोकांच्या हाती असा अधिकार देणं आपल्याकडे झालेलं आहे. वनहक्क कायद्याने गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच वर्षी लोकांनी राखलेल्या जागांची देशभरची सूची ‘कल्पवृक्ष’ने प्रसिद्ध केली, ही संस्था आपल्या पुण्यातलीच. समुद्राला मात्र वनहक्कासारखा कायदा अजून नाही.

पुढची परीक्षा आंग्रिया बँकेची आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राखाली हे पठार आहे, साधारण २,००० चौ. किमीचं, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारं. त्यावर प्रवाळांची समृद्धी आहे. ते १२ सागरी मैलांच्या पलीकडे असल्यामुळे अभयारण्याचा नेहमीचा कायदा तिथे लागू होत नाही आणि केंद्राच्या सागरी क्षेत्र कायद्याखाली वेगळं संरक्षण शोधावं लागतं. म्हणजे तिथे कोऱ्या कागदापासून सुरुवात आहे. देवगड आणि विजयदुर्गच्या मच्छीमारांचे किती प्रतिनिधी या पठाराचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर असतील, हा आकडा संरक्षणाच्या मसुद्याच्या पहिल्या पानावर आला, तर मालवणात १९८७ नंतर जे रामायण घडलं ते देवगडात घडायचं कारण उरणार नाही.