माहिती चौकट : घरातल्या वाय-फायचा वेग कुठे अडतो?

३०० एमबीपीएसची जोडणी असूनही आतल्या खोलीत व्हिडिओ अडखळत असेल, तर दोष बहुधा बाहेरून आलेल्या फायबरचा नसतो, राउटर ते मोबाइल या टप्प्याचा असतो. पडताळणी सोपी: लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजावा. (काही जुन्या राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असतात, ते आधी पाहावे.) केबलवर पूर्ण वेग मिळाला, तर अडथळा वाय-फायमध्येच आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे जास्त पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. इमारतीतले सगळे शेजारी तीच वापरतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, मात्र काँक्रीटपुढे लवकर क्षीण होतो.

वाय-फाय ६ (२०१९) किंवा ७ (२०२४) राउटर आणला की प्रश्न मिटेल, असे वाटते. पण भिंती त्याच राहतात आणि जुना मोबाइल जुन्याच मानकावर चालतो. रिपीटर पोच वाढवतो. तोच रेडिओ घेण्याला आणि देण्याला वापरणारा रिपीटर वेग मात्र साधारण निम्म्यावर आणतो. त्यापेक्षा लांबच्या खोलीपर्यंत कॅट-५ई केबल नेऊन तिथे ॲक्सेस पॉइंट लावणे खात्रीचे. ही केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस वाहून नेते.