बर्फाची कैफियत

मिरजेच्या एका निवृत्त शिक्षकांनी पाठविलेले पत्र गेले तीन आठवडे माझ्या मेजावर उत्तराची वाट पाहत पडून आहे. नातवाच्या आग्रहावरून त्यांनी फिगर स्केटिंगच्या एका जागतिक स्पर्धेचे चित्रण पाहिले, आणि खेळाडूंच्या गिरक्या पाहून कोणीही जे विचारील ते न विचारता त्यांनी निराळेच विचारले आहे. ‘बर्फ गुळगुळीत असतो म्हणून त्यावरून घसरता येते असे म्हणावे, तर काच त्याहून कितीतरी गुळगुळीत असते, मग पायांना पाती बांधून काचेवर कोणी का नाचत नाही?’ चाळीस वर्षे खडू झिजविलेल्या माणसालाच सुचावा असा हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्यात विज्ञानाने दीडशेहून अधिक वर्षे घालविली आहेत, तेव्हा माझ्या तीन आठवड्यांच्या दिरंगाईबद्दल ते मला क्षमा करतील अशी आशा आहे.

ती स्पर्धा म्हणजे २०२४ च्या मार्च महिन्यात कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी, बेल सेंटर या क्रीडागृहात भरलेली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. तिचा निकाल दप्तरी नमूद आहे तो असा: पुरुषांत अमेरिकेचा इल्या मालिनिन ३३३.७६ गुणांनी पहिला, जपानचा युमा कागियामा ३०९.६५ गुणांनी दुसरा आणि फ्रान्सचा आदाम स्याओ हिम फा २८४.३९ गुणांनी तिसरा. या तिसऱ्या गृहस्थाची कथा ऐकण्यासारखी आहे. पहिल्या फेरीअखेर तो एकोणिसावा होता, आणि दुसऱ्या फेरीत, नियमाने वर्ज्य असलेली उलटी कोलांटी सर्वांदेखत मारून, तिच्याबद्दल दोन गुणांचा दंड हसतमुखाने भरून, त्याने कांस्यपदक नेले. (त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने ती जुनी बंदी उठविली.) महिलांत जपानच्या काओरी साकामोतोने लागोपाठ तिसरे विजेतेपद मिळविले, जे १९६८ साली अमेरिकेच्या पेगी फ्लेमिंगने मिळविल्यानंतर कोणा स्त्रीला साधले नव्हते, आणि जोडीच्या स्पर्धेत किशोरवयातच खेळ सोडून सोळा वर्षांनी बर्फावर परतलेली डिआना स्टेलाटो-डुडेक आपल्या जोडीदारासह, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, जगज्जेती ठरली.

परंतु बोलबाला झाला तो मालिनिनच्या सहा उड्यांचा. पहिल्या फेरीअखेर तिसरा असलेल्या या एकोणीस वर्षांच्या मुलाने दुसऱ्या फेरीत, हवेत स्वतःभोवती चार फेऱ्या घेण्याच्या सहा उड्या घेतल्या, आणि त्यांपैकी एक होती ती चार फेऱ्यांची ‘अ‍ॅक्सेल’, जी चारांची म्हटली जात असली तरी हिशेबाने साडेचारांची आहे. कारण इतर सर्व उड्या खेळाडू पाठमोरा सरकत असता घेतो, ही एकच उडी तो तोंड पुढे करून घेतो, आणि उतरायचे मात्र पाठमोरेच असल्याने अर्धी फेरी त्याच्या माथी जास्तीची बसते. ही उडी प्रथम दाखविणारा नॉर्वेचा आक्सेल पाल्सन मुळात शर्यतीचा खेळाडू होता, आणि १८८२ साली व्हिएन्ना येथे त्याने ती शर्यतीच्या लांबलचक पात्यांवर घेतली, एकच फेरी आणि वर ती जादा अर्धी. तेथून साडेचार फेऱ्यांपर्यंत पोचायला एकशेचाळीस वर्षे लागली. जपानच्या युझुरू हान्यूने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिचा प्रयत्न केला आणि तो पडला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, लेक प्लॅसिड येथे, सतरा वर्षांच्या मालिनिनने ती प्रथम यथासांग पुरी केली.

हवेतल्या गिरकीचे शास्त्र शाळेत झालेलेच आहे: हात छातीशी आवळले की फिरण्याचा वेग वाढतो, पसरले की मंदावतो. म्हणून त्याचा फार विस्तार करीत नाही. फक्त एक आकडा ध्यानात घ्यावा. खेळाडू हवेत असतो तो सुमारे सात दशांश सेकंद, आणि तेवढ्यात, बर्फावरच उरकून घेतलेला थोडा भाग वजा जाता, जवळजवळ चार फेऱ्या पुऱ्या करायच्या म्हणजे मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास वेग झाला. आपल्या दिवाणखान्यातला छताचा पंखा पाचावर ठेवला असता साधारण त्याच गतीने फिरतो. वैशाखातल्या दुपारी उताणे पडून त्याच्याकडे पाहावे, पाती निरनिराळी दिसत नाहीत, आणि त्या वेगात असलेल्या माणसाला नेमक्या क्षणी हात उघडून, एका पायावर, चार मिलिमीटर रुंदीच्या लोखंडावर, पाठमोरे उतरायचे आहे याची कल्पना करावी.

जादा फेरी मिळवायची तर अधिक उंच उडावे की अधिक वेगाने फिरावे, हा या शास्त्रातला जुना वाद. उंची महाग पडते: सात दशांश सेकंद हवेत राहायला साठ सेंटीमीटर उडावे लागते, आणि त्यावर एकच दशांश सेकंद विकत घ्यायचा तर आणखी अठरा सेंटीमीटर मोजावे लागतात. म्हणून अभ्यासकांचा कौल बरीच वर्षे वेगाच्या बाजूने होता. मग योकोहामाच्या तोइन विद्यापीठातील सेइजी हिरोसावा यांनी साडेचार फेऱ्यांचा प्रयत्न करणाऱ्या दोन खेळाडूंच्या उड्या मोजल्या, आणि ते त्या उडीसाठी नेहमीपेक्षा स्पष्टपणे उंच उडतात असे २०२४ साली प्रसिद्ध केले. दोनच खेळाडूंवरून सिद्धान्त उभारणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, हे खरे. पण तो भात शिजविणारे जगात तेव्हा दोनतीनच होते, त्याला ते बिचारे संशोधक काय करणार?

असो. शिक्षकांचा प्रश्न उड्यांचा नाही, बर्फाचा आहे, आणि माझ्या मते निकालपत्रात ज्याचे नाव कधीच येत नाही असा त्या स्पर्धेतला खरा पक्षकार तोच. त्याच्याबद्दल आम्हांला शाळेत जे शिकविले गेले ते आजही पुष्कळ पुस्तकांत छापलेले आढळते: पात्याखाली सारे वजन चिंचोळ्या जागेत एकवटते, दाबामुळे बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि त्यावरून पाते सरकते. लादीवर तार टाकून दोन्ही टोकांना वजने बांधण्याचा प्रयोगही दाखवीत, आणि तार लादीतून आरपार जाऊनही लादी अखंड राहते हे पाहून आम्ही थक्क होत असू. ह्या सिद्धान्ताचा जनक जेम्स थॉमसन, पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यमचा ज्येष्ठ बंधू. त्याने १८४९ साली हिशेब मांडला, धाकट्याने १८५० साली प्रयोगाने तो खरा ठरविला, आणि १८८६ साली डब्लिनच्या जॉन जोलीने तो स्केटिंगला लावला.

सिद्धान्त खोटा नाही. तो येथे अपुरा आहे, इतकेच. साठ किलो वजनाचा माणूस चार मिलिमीटर रुंद पात्याच्या पाच सेंटीमीटर लांबीवर उभा आहे असे धरा. दाब होतो सुमारे तीस वातावरणांचा. वितळणबिंदू एक अंशाने उतरवायला जवळजवळ एकशे पस्तीस वातावरणे लागतात, म्हणजे हाती येतो अंशाचा पाव हिस्सादेखील नव्हे. माणूस पात्याच्या निव्वळ कडेवर आहे असे मानून जागा दहा पटींनी कमी केली, तरी दोन अंशांच्या थोडे पुढे जाता येते. खुद्द जोलीने अत्यंत उदार हाताने हिशेब करून ४६६ वातावरणे धरली, आणि त्याला साडेतीन अंश मिळाले. क्रीडागृहातला बर्फ याहून थंड असतो, आणि गोठलेल्या तळ्यांवर उत्तरेकडचे लोक शून्याखाली वीस अंशांतही मजेत घसरतात. शिवाय, ज्याला पाती नाहीत, साधे रबरी तळव्याचे बूट आहेत, तोसुद्धा बर्फावर सपशेल आडवा होतोच की! त्याच्या बुटाखाली कसला आला आहे दाब?

आता ज्या माणसाचे नाव येथे सर्वांआधी यायला हवे होते, त्याच्याकडे वळतो. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला, गणिताशी फारशी ओळख नसलेला मायकेल फॅरेडे याने १८५० साली, म्हणजे धाकटा थॉमसन आपला प्रयोग करीत होता त्याच वर्षी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना लावून दाखविले. ते चिकटले आणि एक झाले. फॅरेडेचे म्हणणे असे, की बर्फाच्या उघड्या पृष्ठभागावर, तो बर्फ असतानाही, पाण्याचा एक सूक्ष्म थर मुळातच असतो. दोन तुकडे जुळले म्हणजे तो थर मध्ये सापडतो, पृष्ठभागावर राहत नाही, आणि म्हणून गोठून जातो. दाबाची येथे गरजच नाही.

फॅरेडेने हे हिमाच्या चेंडूवरून समजाविले असते तर त्याच्या श्रोत्यांना पटले असते; आपल्याला ते पटविण्यास चौपाटीवरचा गोळेवाला पुरेसा आहे. रंध्यावर लादी किसून तो भुगा मुठीत घेतो, काडीभोवती दाबतो, आणि क्षणापूर्वीची ती पांढरी भुकटी उचलून तोंडाला लावण्याइतकी एकसंध होते. तो दाब देतो हे खरे, पण मुठीचा दाब तो केवढा? उरलेले काम कणाकणाच्या अंगावरच्या ओलाव्याचे. कडाक्याने गोठविलेल्या बर्फाचा भुगा दिला तर त्याच गोळेवाल्याच्या हातून तो कोरड्या रव्यासारखा गळून पडेल, आणि धंदा बसेल.

थॉमसन बंधूंच्या हाती समीकरण होते, फॅरेडेच्या हाती केवळ दृष्टी. आणि विद्वानांच्या दरबारात समीकरणासमोर दृष्टीची फिर्याद टिकत नाही. त्याने पुढेही प्रयोग केले, वाद झाले, आणि त्याचा अर्ज सुमारे शंभर वर्षे दाखल होऊन पडून राहिला. मधल्या काळात, १९३९ साली, बाउडन आणि ह्यूझ या दोघांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथील बर्फाच्या गुहेत बसून दाखवून दिले, की घर्षणाच्या उष्णतेनेही पाणी होते, आणि धातूचा पृष्ठभाग ती उष्णता वाहून नेत असल्याने लाकडाच्या मानाने अधिक अडखळतो. हेही खरेच, पण उभ्या उभ्या घसरणाऱ्या माणसाचे समाधान त्यानेही होत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्ष-किरण आणि इतर साधनांनी पृष्ठभाग तपासता येऊ लागला, तेव्हा फॅरेडेचा तो थर खरोखरच तेथे सापडला: शून्याच्या खाली कित्येक अंश, काही रेणूंइतका जाड, धड पाणी नाही, धड बर्फ नाही. आतल्या रेणूला चहूकडून शेजारी धरून असतात, वरच्याला वरून धरणारे कोणी नसते, म्हणून तो सैल. २०१८ साली ॲम्स्टरडॅम आणि माइन्त्स येथील संशोधकांनी हे सैल रेणू पृष्ठभागावर अक्षरशः गडगडत असतात असे मांडले, आणि घर्षण सर्वांत कमी होते ते शून्याखाली सात अंशांना, असे मोजून दाखविले. शहाबादी फरशीवर ज्वारी सांडली असता तिच्यावरून पाय निसटावा, तशातली ही गत आहे. थंडी आणखी वाढली की दाणे जागीच चिकटतात. अंटार्क्टिकाच्या १९११ च्या हिवाळ्यात घसरगाडी ओढणाऱ्यांना हिम वाळूसारखे लागले ते यामुळेच.

काचेला असा थर नाही. मिरजकर गुरुजी, आपल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

मध्यंतरी, २०२५ साली, जर्मनीतील सारलँड विद्यापीठाच्या मार्टिन म्यूझर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर रेणूंची हालचाल घडवून दाखविले, की पात्याच्या आणि बर्फाच्या रेणूंवरील विद्युतभारांच्या ओढाताणीने स्फटिकाची शिस्त मोडते, आणि अतिशीत तपमानातही सरकताना ओला थर तयार होऊ शकतो. काम कसबी आहे. परंतु त्याची वार्ता जगभर पसरली ती ‘दोनशे वर्षांचा समज खोटा ठरला’ अशा थाटात, जणू त्या दिवसापर्यंत सारे शास्त्रज्ञ दाबाच्या सिद्धान्तावर हात टेकून झोपले होते! दाबाचे अपुरेपण तज्ज्ञांत केव्हाच जुने झाले होते. शिळे होते ते पाठ्यपुस्तक, आणि ते बदलण्याची फिर्याद कोणत्या कचेरीत रुजू करावी हे मला अद्याप समजलेले नाही.

केवळ घसरणे मात्र या खेळाला पुरत नाही. पात्याचा तळ सपाट नसून पन्हळासारखा खोलगट असतो, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन कडा निघतात, आणि अ‍ॅक्सेल घेणारा खेळाडू डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर कलून, तीच कड बर्फात रुतवून, तिच्यावरून वर फेकला जातो. बर्फ फार कठीण असेल तर कड रुतत नाही, फार मऊ असेल तर फसते. बेल सेंटर हे एरवी आइस हॉकीचे मैदान. हॉकीला थंड, टणक बर्फ लागतो, फिगर स्केटिंगला त्याहून किंचित ऊबदार. उतरताना वजनाच्या पाच ते आठ पट आघात एका पायावर येतो, तोही त्याच बर्फाने सोसायचा. म्हणून खेळाडूंचे काही गट आटोपले, की आखाडा रिकामा करून एक बोजड वाहन आत येते. फ्रँक झांबोनी नावाच्या गृहस्थाने ते कॅलिफोर्नियात १९४९ साली बनविले. हा मूळचा बर्फाच्या लाद्यांचा कारखानदार. घरोघर शीतकपाटे आल्यावर लादीला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा त्याने भावांसह थंड करण्याची ती सामग्री घसरण्याचे मैदान गोठविण्याकडे लावली, आणि ते मैदान रोज खरवडून सारखे करण्याच्या वैतागातून यंत्र जन्मास आले. ते ओरखड्यांनी भरलेला वरचा थर तासते, किसलेला भुगा गोळा करते, आणि मागे एका ओल्या फडक्याने गरम पाणी सारवीत जाते. गरम अशासाठी, की जुन्या बर्फाशी ते नीट सांधावे आणि त्यात हवेचे बुडबुडे कमी राहावेत. अंगण सारवून झाल्यासारखी ती सारी भूमी काळसर चकाकते. प्रेक्षक तेवढ्यात चहाकॉफी घेऊन येतात, ध्वनिक्षेपकावर पुढच्या गटाची नावे पुकारली जातात, आणि तोवर ते पाणी गोठलेले असते, अगदी वरचे काही रेणू सोडून.